टेकडीवरचा कुडा अंगणात

उन्हाळ्यात फुलणारं, वासाचं झुडूप पाहिजे म्हटलं की नर्सरीवाला हातातलं काम न सोडता मोगऱ्याच्या रांगेकडे बोट दाखवतो. मोगरा आहे माझ्याकडे, बटमोगरा आणि मदनबाण दोन्ही, पुढच्या दारी कुंड्यांमध्ये. त्यांचे लाडही चालू असतात. प्रश्न होता मागच्या कोपऱ्याचा. आमचं घर बावधनला, टेकडीच्या पायथ्याशी. बांधकामाच्या वेळी मागचा उतार कापून सपाट केला, तेव्हा वरची माती गेली आणि खाली उरला तो निव्वळ मुरूम. दुपारचं सगळं ऊन तिथे. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर यायला लागले की झाडांना पाणी घालायचं म्हणजे शेजाऱ्यांच्या नजरा झेलायच्या. बिल्डरने तिथे शोभेचं हिरवं कुंपण लावून दिलं होतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेलं.

मग मी उलटीकडून विचार केला. हा उतार कापला नसता तर इथे काय उभं असतं? वर टेकडीवर जाऊन बघितलं, तर वनखात्याच्या ग्लिरिसिडियाच्या आणि घाणेरीच्या गर्दीतून मधूनमधून काळा कुडा डोकं काढून उभा होता. त्याचा भाऊबंद पांढरा कुडा भेटतो जरा पश्चिमेला, मुळशी ओलांडून ताम्हिणीकडे सरकलं की. मे महिन्याच्या शेवटी तिथे गाडीची काच खाली केली की वास येतो. डोंगर करपलेला, गवताची नुसती खुंटं, गुरं सावली शोधत बसलेली, आणि मध्येच हे झुडूप पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी भरलेलं. ज्याला डोंगराच्या उतारावर पाऊस संपल्यावर कुणी तांब्याभर पाणी दिलेलं नाही, त्याला माझ्या मुरमाचं काय वाटणार?

नर्सरीत मात्र हा पांढरा कुडा मिळेना. एका ठिकाणी उत्साहाने "आहे ना!" म्हणून एक रोप हातात ठेवलं. गुडघ्याएवढं, गच्च, तकतकीत पानांचं, वर चांदण्यांसारखी पांढरी फुलं. दिसायला गोड होतं, पण हा तो कुडा नव्हे. हे श्रीलंकेतलं झुडूप. बाराही महिने हिरवं राहतं आणि जवळजवळ बाराही महिने फुलतं. नाकाजवळ फूल नेलं तर वास म्हणावा असा काही नाही. दोघांचा गोंधळ होण्याचं कारण असं की दोघांच्याही शास्त्रीय नावाच्या शेपटीला 'अँटिडिसेंटेरिका' लागलेलं होतं. आपल्या पांढऱ्या कुड्याला आता 'होलऱ्हेना प्युबेसन्स' म्हणतात, पण औषधांच्या बाटल्यांवर जुनं 'होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका' अजून दिसतं. इंटरनेटवर कुडा शोधला की निम्मे फोटो या श्रीलंकेच्या पाहुण्याचे निघतात. रोप विकत घेणाऱ्याने एवढंच बघावं: थंडीत पानं झडतात का आणि फुलाला वास आहे का. दोन्हीला उत्तर 'नाही' आलं तर पैसे परत खिशात.

ताम्हिणीतून बी आणणं मनात येऊन गेलं होतं, पण तो भाग अभयारण्यात येतो. तिथलं पानही उचलायचं नसतं. शेवटी आत्याला फोन केला. आत्या संगमेश्वरजवळ राहते. घरामागे तिची स्वतःची वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन आहे, आणि तिथे कुडा इतका की दर वर्षी तोडावा लागतो. "कुडा काय लावायचा असतो होय?" म्हणून ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "माघात ये. आत्ता शेंगा हिरव्या आहेत, त्यांचं बी रुजायचं नाही."

माघात गेले. पानं बहुतेक गळून गेली होती आणि फांद्यांना जोडीजोडीने लांब, बारीक शेंगा लोंबत होत्या. वीतभर म्हणावी तर काही हातभरसुद्धा होत्या, जाडीला मात्र पेन्सिलीहून कमी. आत्याने आधी ओळख पटवून घ्यायला लावली, कारण तिच्या जमिनीत दोन्ही कुडे आहेत. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन शेंगा देठाशी एकत्र आणि पुढे मोकळ्या. काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळ्या असताना टोकालाही एकमेकींना चिकटलेल्या असतात. फुलांतही फरक आहे. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू दिसतात, पांढऱ्याचा गळा मोकळा. दोघांनाही वास आहे, दोघांचीही पानं गळतात, दोघांचाही चीक पांढरा. बीसुद्धा बाजारात दोन नावांनी मिळतं, पांढऱ्या कुड्याचं ते कडू इंद्रजव आणि काळ्याचं ते गोड इंद्रजव. आत्याने दोन्ही एकेक चावायला दिलं. पहिल्याची कडू चव घरी पोचून जेवायला बसेपर्यंत जिभेवर होती.

शेंग काढायची वेळ जरा नाजूक असते. हिरवी काढली तर बी पोचट निघतं. पूर्ण वाळू दिली तर एखाद्या दुपारी ती एका बाजूने उकलते आणि आतलं सगळं वाऱ्यावर स्वार होतं. प्रत्येक बीच्या टोकाला तपकिरी, रेशमी केसांचा झुबका असतो. शेंगेत ते केस मिटून, एकावर एक दाबून बसवलेले असतात. मी एक शेंग नखाने उघडली, तेव्हा वरचं बी आपलं आपण सरकलं, केस हळूहळू फुलले आणि माझ्या श्वासानेच ते हातावरून उडून गेलं. आत्याची युक्ती सोपी आहे. शेंगा तपकिरी व्हायला लागल्या की पाचसहा शेंगांची जुडी जुन्या सुती कापडात सैलसर गुंडाळायची, वरून सुतळी बांधायची आणि झाडावरच राहू द्यायचं. आतल्या आत उकलतात. तिने माझ्यासाठी अशा दोन पुरचुंड्या आधीच बांधून ठेवल्या होत्या.

बी ताजं असेल तर ते रुजवणं अवघड नाही. वर्षभर डब्यात ठेवलेलं बी घेऊन लोक बसतात आणि मग कुडा रुजत नाही म्हणतात. त्याच उन्हाळ्यात पेरायचं. केसांचे झुबके चिमटीने काढून टाकले, नाहीतर पाणी घातल्यावर ते बी तरंगवतात. रात्रभर पाण्यात भिजवलं. नर्सरीच्या काळ्या पिशव्यांत निम्मी साधी माती, बाकी बारीक मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत भरलं. पिशव्या लांबट घेतल्या, आखूड नाही, कारण या रोपाचं मूळ आधी खाली धावतं. प्रत्येक पिशवीत दोन बिया, वर नखभर माती. सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत ठेवून झारीने पाणी. दोनतीन आठवड्यांत कोंब वर आले, आधी दोन बीदलं, मग समोरासमोर पानांची जोडी, मग तिच्यावर दुसरी. काही पिशव्या रिकाम्याच राहिल्या. ज्यात दोन्ही रुजली, तिथलं अशक्त रोप कात्रीने बुडाशी कापलं. उपटलं की शेजारच्याचं मूळ दुखावतं. कापल्या जागी लगेच पांढरा थेंब आला.

पावसाने जमीन खोलवर भिजेपर्यंत थांबले. मृगाचा पहिला शिडकावा पडला की सगळे खड्डे घ्यायला धावतात, पण मुरमात वरचं चार बोटं ओलं आणि खाली ठणठणीत कोरडं असतं. आषाढात पहार घेऊन माणूस लावला. हातभर रुंद, हातभर खोल खड्डे घेतले. निघालेला मुरूम तसाच परत भरला, फक्त त्यात पाटी-पाटी पालापाचोळ्याचं खत मिसळलं. खड्ड्यात चांगली काळी माती भरू या, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. मुरमाच्या खड्ड्यात काळी माती भरली की पावसाळ्यात त्याची टाकी होते, पाणी तुंबतं आणि डोंगराच्या झाडाला तेच चालत नाही. रोपं तेव्हा जेमतेम वीतभर होती. मोठी करून लावायचा मोह होतो, पण पिशवीत वर्ष काढलं की मूळ तळाशी गोल गोल फिरतं, आणि असं झाड पुढे आयुष्यभर रेंगाळतं. दोन रोपांत दीड-दोन मीटर अंतर ठेवलं. मोकळं सोडलं तर कुड्याचं चांगलं मोठं झाड होतं, पण छाटत राहिलं तर पुरुषभर उंचीचं झुडूप म्हणून सुखाने राहतो.

श्रावण-भाद्रपदात ती वाढली. पानं मोठी, लंबगोल, देठ जवळजवळ नाहीच, ठळक शिरांची. दसऱ्याच्या सुमारास बरी दिसत होती. मग थंडी पडली, पानं पिवळी व्हायला लागली आणि एकेक करून खाली आली. माघापर्यंत मुरमात नुसत्या काटक्या उभ्या.

इथून पुढे कुडा वाढवणं म्हणजे मुख्यतः माणसांना आवरणं. पहिलं वाक्य नवऱ्याचं, "गेली ही." दुसरं सोसायटीच्या माळीकाकांचं, "ताई, ह्या काड्या काढून टाकू का? तिथं ॲकॅलिफा लावू, बारमाही रंग राहतो." मी त्यांच्यासमोर एका काटकीची साल नखाने किंचित खरवडली. आत हिरवं होतं आणि मोहरीएवढा चिकाचा थेंब फुगून वर आला. माळीकाका मूळचे भोर तालुक्यातले. चीक बघितल्यावर लगेच म्हणाले, "अरे, कुडा होय! आमच्याकडं शेळीबी तोंड लावत नाही याला." मग त्यांनीच प्रत्येक रोपाशेजारी बांबूची कामटी खोचून दिली. साफसफाईला येणाऱ्या नव्या पोराने काट्याकुट्यांबरोबर हीही उपटू नयेत म्हणून.

शेळीचं ते खरं आहे. चीक आणि कडूपणा यांमुळे गुरंढोरं कुड्याला हात लावत नाहीत. वणव्यात वरचा भाग जळला किंवा कुऱ्हाड पडली तरी बुडातून आणि मुळांतून धुमारे फुटतात. बाकीची झाडं चरून, तोडून संपलेल्या डोंगरांवर कुडा टिकून दिसतो तो यामुळे.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथे आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी आठवड्याला रोपागणिक तांब्याभर पाणी दिलं आणि बुडाशी सुक्या पानांचा जाड थर ठेवला. एवढं लहान रोप, मूळ अजून खोल गेलेलं नाही, तेव्हा एवढं करावंच लागतं. दुसऱ्या वर्षापासून दसरा उलटला की नळी त्या बाजूला न्यायचीच नाही. पानं गाळणं ही कुड्याची कोरड्या दिवसांची सोय आहे. पान म्हणजे पाणी उडून जाण्याची जागा. पाऊस संपला, जमीन सुकायला लागली की तो ती जागाच बंद करून टाकतो. अशा वेळी आपण मायेने रोज पाणी घातलं तर पानं झडायची लांबतात, फांद्या नुसत्या लांबत जातात आणि उन्हाळ्यात फुलांऐवजी हिरवाईच जास्त हाती लागते.

हे पुस्तकी बोलत नाहीये. त्याच बियांतलं एक रोप मी पलीकडच्या काकूंना दिलं होतं. काकूंचं सगळ्या झाडांवर सारखंच प्रेम. सकाळ-संध्याकाळ पाणी, महिन्याला शेणखत, वर तांदळाच्या धुवणाचा प्रसाद. त्यांचं झाड माझ्यापेक्षा दीडपट उंच झालं, पानं हातभर. बघणारा म्हणेल याला म्हणतात निगा. पण माझी खुरटी झुडपं फुलायला लागली तेव्हा काकूंच्या झाडावर शोधून दोन झुबके सापडले. काकूंना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते माझ्याकडचं बी वेगळं.

फुलं पहिल्यांदा आली ती लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात. चैत्र संपता संपता, एक थेंब पाऊस नसताना, काटक्यांना पोपटी पालवी फुटली. डोंगराची झाडं पावसाची वाट न बघता कशाच्या भरवशावर पालवतात, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं. बुंध्यात आणि मुळांत जपून ठेवलेल्या पुंजीवर ते चालतं, एवढं समजतं, पण डोळ्यांसमोर बघताना ती समज पुरत नाही. पालवी चार बोटं वाढली आणि प्रत्येक नव्या डहाळीच्या टोकाला बारीक, टोकदार, हिरवट कळ्यांचा घोस दिसला. वळवाची एक सर झाली आणि आठवड्याभरात घोस उमलले.

एकेक फूल इंचभर रुंदीचं. खाली बारीक नळी, तळाशी थोडी फुगीर, वर पाच पाकळ्या, प्रत्येक जरा एका अंगाला वळलेली. पहिल्या दिवशी शुभ्र, मग सायीच्या रंगावर जातं आणि गळतं. झुबक्यात एका वेळी दहापंधरा उमललेली, बाकी कळ्या रांगेत, म्हणून झुडूप आठवडेच्या आठवडे भरलेलं दिसतं. माझ्याकडे वैशाखात सुरू होतं आणि आषाढ लागेपर्यंत चालतं. पाऊस जोराचा लागला की फुलं झोडपली जातात. वासाबद्दल खरं सांगायचं तर मोगऱ्याची अपेक्षा घेऊन आलात तर निराश व्हाल. मोगरा एक फूल ओंजळीत घेतलं तरी भरून टाकतो. कुड्याचं एक फूल हुंगलं तर हलका, गोडसर वास येतो, एवढंच. मजा सगळ्या झुडपाची मिळून आहे, आणि तीही ऊन उतरल्यावर. संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास येतो, झाडाजवळ जाऊन नाक खुपसलं की उलट कमी वाटतो. गजरा करायच्या भानगडीत पडू नये. देठातून चीक येतो, बोटं चिकट होतात, कपड्याला लागला तर डाग हटत नाही, आणि फूल तासाभरात मलूल. हा वास झाडावरच राहू द्यायचा.

किडीचा फारसा त्रास नाही. पालवीच्या वेळी कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो, रुईवर येतो तसलाच. मी पाण्याचा फवारा मारते, आणि थोड्या दिवसांत ढालकिडे येऊन उरलेला फस्त करतात. पावसाळ्यात एक हिरवी अळी पान दुमडून आत बसते. ती पानं खुडून टाकली की झालं.

छाटणी मात्र वेळेवर करायची. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, तेव्हा पालवीनंतर कात्री चालवली तर तो उन्हाळा फुकट. शेंगा उतरवून झाल्या आणि झाड अजून निजलेलं आहे, त्या माघ-फाल्गुनात मी लांबलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी करते. जुना चष्मा लावून. चिकाचा थेंब डोळ्यात गेला तर चांगलंच झोंबतं, असं आत्याने बजावलंय. मुळांतून हातभर अंतरावर धुमारे निघतात. जिथे नको तिथले वेळीच काढायचे, नाहीतर दोनचार वर्षांत कोपऱ्याचं रान होतं. पावसाळ्यात मुळाच्या तुकड्यासकट काढलेला धुमारा दुसरीकडे लागतोही. बी मिळत नसेल त्यांना ही वाट बरी आहे.

आत्याला फुलांच्या वासाशी काही देणंघेणं नाही. ती दर पावसाळ्यात एकच विचारते, "भाजी केलीस का?" कोकणात कुड्याची फुलं आणि कोवळ्या शेंगा दोन्ही खातात. शेंगा नखाने सहज तुटतील अशा हव्यात, दोरीसारख्या झाल्या की गेल्या. बारीक चिरायच्या, मिठाच्या पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकून घट्ट पिळायच्या. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ, मग शेंगा, वर भरपूर ओलं खोबरं. कडवटपणा राहतोच, पण तो कारल्यापेक्षा सौम्य. मी पहिल्यांदा केली तेव्हा मुलाने एक घास खाऊन ताट सरकवलं, नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर वर्षातून एकदा तरी ही भाजी पोटात गेली पाहिजे, असा आत्याचा दंडक आहे.

भाजीपर्यंत ठीक. पण झाडाची बातमी पसरल्यावर एक गृहस्थ साल मागायला आले. पोट बिघडलंय, म्हणाले, कुड्याची साल उगाळून घेतो. कुड्याची साल अतिसारावर आणि आवेवर शेकडो वर्षं वापरात आहे. कुटजारिष्ट, कुटजघनवटी ही औषधं त्याचीच, आणि त्यातलं कोनेसिन नावाचं अल्कलॉइड आमांशाच्या अमिबावर चालतं हेही तपासून झालेलं आहे. याचा अर्थ कुणीही झाडाची साल सोलून अंदाजाने घ्यावी असा होत नाही. जे अमिबावर चालतं ते माणसाच्या अंगावरही चालतं, मात्रा वैद्यांना ठरवू द्यावी. शिवाय माझं मनगटाएवढं खोड. त्याची साल सभोवार काढली तर वरचं झाड मरणार. डोंगरात असे साल ओरबाडलेले कुडे मी बघितलेत. गृहस्थांना कुटजारिष्टाचं नाव कागदावर लिहून दिलं, डॉक्टरांना विचारा म्हटलं, आणि चहा पाजून पाठवलं. थोडे रागावले असावेत.

कुडा सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. कुंपण म्हणून, आडोसा म्हणून हवा असेल तर नको. थंडीचे दोनतीन महिने आरपार दिसतं. गॅलरीतल्या कुंडीत मी तो लावणार नाही, त्याच्या मुळाला खोली लागते. सतत ओल असलेल्या हिरवळीच्या कडेलाही नको. पण उतार आहे, मुरूम किंवा जांभा आहे, ऊन आहे आणि पाण्याची ओरड आहे, अशा जागेला याच्याइतकं सोयीचं वासाचं झुडूप मला माहीत नाही. आणि तो फक्त जास्त पावसाच्या सह्याद्रीतच वाढतो असंही नाही, विदर्भातल्या पानगळीच्या जंगलांतही आहे. पुण्याच्या ७००-७५० मिलिमीटर पावसात माझा मजेत आहे.

यंदा पहिल्यांदाच माझ्याच झाडांच्या शेंगा पुरचुंडीत बांधल्या आहेत. शेंगा फार नाहीत, पण एकेका शेंगेत मूठभर बी निघतं. मैत्रिणीने भुगावच्या प्लॉटसाठी सांगून ठेवलंय, माळीकाकांना गावाकडच्या बांधासाठी हवंय. काकूंनी मात्र "तुझ्याकडचं ते वेगळं बी" मुद्दाम मागितलंय. रुजवून देईन सगळ्यांना. अट एवढीच, की माघात फोन करून "मेलं गं" म्हणायचं नाही. आणि काळ्या पिशव्या धुऊन परत आणून द्यायच्या.